सपादणीची जागा

सुनीतीला पोलिश भाषेतले एकेचाळीस शब्द येत होते आणि त्यांच्या बळावर वॉर्साच्या बाजारात तिला पावसुद्धा मागता आला नसता. पाव हा शब्दच त्यांत नव्हता. मेंढी होती, टेकडी होती, पाणी होतं, तोंड होतं, म्हातारा होता, गप्प बसणं होतं. कुठलीही भाषा शिकवताना ज्या शब्दांनी सुरुवात करतात, त्यांतला एकही तिच्या वहीत नव्हता. कारण तिचं पाठ्यपुस्तक म्हणजे चार मिनिटं अकरा सेकंदांचं एक रॅप गाणं होतं, आणि त्या गाण्यात मधे मधे तिचे वडील गात होते.

वडील, म्हणजे बहिरू, मार्गशीर्षात गेले. आता चैत्र लागला होता. लवळ्याच्या वरच्या अंगाला धनगरांची जी आठ-दहा घरांची वाडी आहे, तिथे त्यांचा जन्म गेला. साठ-सत्तर मेंढ्या, एक घोंगडी आणि ओव्या. सुनीती त्यांची एकुलती एक मुलगी. हे नावही घरातलं नव्हे, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेलं. घरात ती सुनी. शिकली, पुण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाली, सूसला सोसायटीत राहू लागली. वडिलांना आबा म्हणायची. रविवारी फोन करायची.

त्या फोनांमध्येच गेल्या वर्षी 'इठू' यायला लागला. "इठू आलता. भाकर खाल्ली. मिरची झेपत न्हाई त्याला." इठू म्हणजे टेकडीवरच्या विद्यापीठात एका सत्रासाठी पोलंडहून आलेला वितेक नावाचा विद्यार्थी. वसतिगृहामागच्या उतारावर आबांच्या मेंढ्या चरायच्या, तिथे तो येऊन बसायचा. दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं. सुनीतीने "असं का" म्हटलं होतं आणि विषय सोडून दिला होता.

फाल्गुनात त्याचं पत्र आलं, इंग्रजीत. आबा गेल्याचं त्याला वसतिगृहाच्या रखवालदाराकडून कळलं होतं. एका सकाळी त्याने आबांचं गाणं फोनवर टिपून घेतलं होतं. तो स्वतः रॅप करतो. त्याने एक गाणं बांधलं आहे, आबांचा आवाज त्यात आहे. महिनाअखेरीला त्याची सगळी गाणी बाहेर येणार. 'तुम्ही हो म्हणालात तरच हे येईल. नाही म्हणालात तर ते तुमच्याजवळ आणि माझ्याजवळ राहील. गाण्याचे शब्द सोबत जोडले आहेत. इंग्रजीत करून देऊ शकतो, पण माझं इंग्रजी त्याला आहे त्यापेक्षा गोड करील. काहीही विचारा.'

सुनीतीने काही विचारलं नाही. ज्याला परवानगी हवी त्याच्याकडून अर्थ घेऊ नये, एवढं तिला इतक्या वर्षांच्या वाचनाने शिकवलं होतं. तिने वही आणली, तीन रकाने आखले. शब्द, कोशातला अर्थ, मला वाटणारा अर्थ. दुपारच्या सुट्टीत मागच्या कपाटांमध्ये बसून ती कानात गाणं घालायची. गरम तेलात मोहरी पडावी तसे शब्द तडतडायचे. एक पकडावा तोवर दहा उडून गेलेले.

सुरुवात बरी झाली, हीच पंचाईत. मेंढीला 'ओव्त्सा' म्हणतात, संस्कृतातली अवि. पाण्याला 'वोदा', आपलं उदक. तोंडाला 'उस्ता', ओष्ठाची चुलतबहीण. तिला वाटलं, हे तर घरचेच लोक आहेत. मग एका गुरुवारी ही ओळ लागली: 'मुई स्तारी नाब्राव वोदी व् उस्ता.' शब्द एकेक करून सुटले. माझा. म्हातारा. घेतलं. पाणी. तोंडात.

तिने वही मिटली.

आबांच्या तोंडात शेवटचं पाणी त्यांचे ओवीतले जोडीदार नरहरी नानांनी घातलं होतं. सुनीती त्या वेळी चांदणी चौकात गाड्यांच्या रांगेत उभी होती. कुणी तिला बोल लावला नव्हता. तीही त्याबद्दल कुणाशी बोलली नव्हती. आणि हा पोलंडमध्ये बसून ते सांगत होता. वर 'माझा म्हातारा' म्हणत होता. याचा कधीपासून?

पुढची ओळ आणखी वाईट. 'मी होतो काळी मेंढी. या टेकडीवर सगळ्याच काळ्या.' काळी मेंढी म्हणजे काय, हे तिने इंग्रजी कादंबऱ्यांत शेकडो वेळा वाचलं होतं: घराण्याला बट्टा लावणारं कार्टं. म्हणजे या टेकडीवरचे सगळेच तसे?

बरं, शब्द सोडून नुसतं ऐकावं, तर तेही सुखाचं नव्हतं. आबा दोन ओळी म्हणायचे, थांबायचे, आणि हा लगेच घुसायचा. प्रत्येक वेळी. शेवटी मात्र आबा थांबायचे आणि तो बोलायचाच नाही. बावीस सेकंद नुसता ठोका. मग संपलं. फाइल अर्धवट आली असेल म्हणून तिने दोनदा उतरवून घेतली. तितकीच होती.

सोमवारी उत्तर द्यायचं होतं. शनिवारी तिने 'नाही' असं लिहूनही ठेवलं, पण पाठवलं नाही. न कळलेलं पुस्तक रद्दीत काढायचं नसतं, हा तिच्या धंद्याचा नियम. शिवाय आबांचं गाणं एकट्या आबांचं कधीच नव्हतं. चाळीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताला नरहरी नाना उभे राहिले होते. धनगरी ओवीत एक जण गातो, आणि तो थांबला की दुसरा तेच साध्या बोलीत उलगडून सांगतो. त्या सांगण्याला सपादणी म्हणतात, आणि ऐकणारे मधे मधे 'जी' म्हणत हुंकार देतात. आबा गायचे, नाना सपादणी करायचे. आबा गेल्यापासून नानांनी ओवीसाठी तोंड उघडलं नव्हतं. जत्रेलाही गेले नव्हते.

रविवारी सकाळी ती वाडीवर गेली. नाना वाड्याच्या, म्हणजे मेंढरांच्या कुंपणाच्या दारात एका मेंढीचा खूर तासत बसले होते. आबांच्या मेंढ्या आता त्यांच्याच कळपात होत्या. कानाला मात्र आबांच्या खुणेचाच काप.

"आलीस व्हय? गाडी सावलीत घे, बुड भाजंल," नाना वर न बघताच म्हणाले.

नानांची सून नंदा चहाचं आधण ठेवून बाहेर आली. "ताई, किती वाळलायसा! सोसायटीत जेवन मिळंना व्हय?"

"मिळतं गं. नाना, आबांचं गाणं आहे माझ्याकडे. तुम्ही ऐकायला हवं."

नानांचा हात थांबला. मेंढी सुटली आणि लंगडत कळपात शिरली.

"बहिऱ्याचं? कुटं घावलं?"

"इठूने टिपलं होतं. त्याने त्यात स्वतःचं काही घातलंय. मला पटत नाही, पण नीट कळतही नाही."

तिने फोन काढला. नंदाने आतून रिकामं पातेलं आणलं. "ह्यात ठिवा, मोठा येतो आवाज." फोन पातेल्यात बसला. ठोका सुरू झाला आणि त्यावर आबा:

'सात येशी वलांडल्या, आठवी येस पान्याची
एक मेंढी मागं ऱ्हायली, कुनी न्हाई मोजली...'

आबा थांबले. नानांची मान वर झाली, छातीत श्वास भरला, ओठ उघडले. तेवढ्यात पातेल्यातून वितेकची मोहरी उडाली. नाना दचकले.

"ह्यो कोन?"

"तोच. इठू."

"आरं तिच्या! माज्या जागंवर उबा ऱ्हायलाय की त्यो!"

नंदा तोंडाला पदर लावून हसली. "मामंजी, तुमी डोळा कापाया पुन्यात जाऊन बसला, हितं सायबानं जागा धरली."

सुनीतीने गाणं थांबवलं. "डोळा कधी कापला होता?"

"गेल्या साली. दिवाळीच्या आदीच्या म्हैन्यात," नंदा म्हणाली. "दोन हप्तं मामंजी रानात न्हवतं. आबा एकलंच जायाचं मेंढरामागं."

वितेकने पत्रात गाणं टिपल्याची तारीख दिली होती. तीच दिवाळीआधीची. सुनीतीने वहीची पानं उलटली. 'म्हातारा गातो, थांबतो. चेका.' चेका म्हणजे वाट बघतो. याच्यापुढे तिने तिसऱ्या रकान्यात 'कशाची? मरणाची?' असं लिहून ठेवलं होतं. तिला ते आता वाचवेना.

"नाना, म्हणजे आबांनी जागा तुमच्यासाठी सोडली होती. सवयीने. आणि याला वाटलं, ती आपल्यासाठीच आहे. आता तू बोल, म्हणून."

नानांनी पातेल्यात डोकावलं. मग म्हणाले, "काय बोलतुया त्ये तर सांग."

"सगळं मलाही येत नाही."

"येतंय तेवडं सांग."

तिने वही मांडीवर घेतली. गाणं पुन्हा लावलं, ओळीओळीला थांबवत. "मी लांबून आलो, खोलीत जागा कमी, म्हणून टेकडीवर आलो, असं म्हणतोय."

"जी," नाना म्हणाले.

"तिथे एक म्हातारा होता."

"जी."

"मग म्हणतो, मी होतो काळी मेंढी."

"मग? मेंढी काळीच आस्ती."

"तसं नाही हो. त्यांच्याकडे कळप पांढरा असतो. त्यात एखादी काळी निघाली, तर तिची लाज वाटते. वाया गेलेल्या पोराला तसं म्हणतात."

नानांनी वाड्याकडे बघितलं. अंगाला अंग लावून काळा ढीग उभा होता. एखाद-दुसरं ढवळं तोंड. "आन् हितं?"

"पुढे तेच आहे. या टेकडीवर सगळ्याच काळ्या."

"मग मिसाळलं की पोरगं!" नाना म्हणाले. "कळपात घुसलं आन् कुनी वळाकलं न्हाई. ह्यात वंगाळ काय?"

"आमच्यात उलट," नंदा म्हणाली. "पांढरी आसली की लांडग्याला पैली दिसती."

सुनीतीने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. तिसऱ्या रकान्यात काय खोडायचं आणि काय लिहायचं हे कळेना. शंभर कादंबऱ्या बाजूला ठेवल्या असत्या तर ही ओळ तिला पहिल्याच दिवशी लागली असती काय? की नाना त्यांना हवं ते ऐकत होते?

"पुडं सांग," नाना म्हणाले.

पुढे ती ओळ होती. ती सोडून द्यावी, असं तिच्या मनात आलं. पण नाना तोंडाकडे बघत होते.

"माझ्या म्हाताऱ्याने तोंडात पाणी घेतलं."

"जी. गुळनी धरून बसला म्हन की. बोलत न्हाई."

"नाही नाना, ते... ते पाणी."

"कंचं?"

"शेवटचं."

आत चहा उतू गेल्याचा वास आला. नंदा उठली नाही.

नानांनी खूर तासायची सुरी धोतराला पुसली, मिटली. "त्ये पानी म्या घातलं, सुनी. दोन पळ्या. येक माज्या हातची आन् येक तुज्या नावानं. बहिऱ्यानं दोनी गिळल्या." त्यांनी सुरी बाजूला ठेवली. "त्या टायमाला ह्ये पोरगं हितं हुतं व्हय? त्याला काय ठावं? त्यो त्याच्या कुना म्हाताऱ्याचं म्हनत आसंल."

सुनीतीला डोळ्यांपुढचं नीट दिसेना. फोनवरचा कोश उघडला, निदान खाली बघायला काही तरी म्हणून. 'स्तारी' हा सोपा शब्द. पहिला अर्थ 'म्हातारा' मिळाल्यावर तिने पुढे वाचलंच नव्हतं. आता बोट फिरवत खाली गेली. चौथा, पाचवा, सहावा. तरुणांच्या बोलीत, 'माझा' लावून: बाप. आणि 'पाणी तोंडात घेणे' हेही सबंध 'वोदा'च्या खाली होतं, वाक्प्रचारांत. गप्प बसणे. मिठाची गुळणी. साधी, आपल्या घरची गुळणी.

तिने सबंध कडवं परत लावलं आणि सावकाश, अडखळत सांगितलं. "माझा बाप गुळणी धरून बसलाय. सहा वर्षं. फोन केला तर आई बोलते. आणि इथे हा म्हातारा. मला त्याचं कळत नाही, त्याला माझं नाही. दोन ओळी गातो, थांबतो. माझ्याकडे बघतो. वाट बघतो."

"जी," नाना म्हणाले. या वेळी फार हळू.

नंदा आत जाऊन उरलेला चहा तीन कपांत घेऊन आली.

"पण नाना, त्याची चूकच झाली ना?" सुनीतीने विचारलं. "जागा तुमची होती. आबा सवयीने थांबले. त्याचं सगळं गाणं त्या चुकीवर उभं आहे. त्याला सांगायला हवं."

नानांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली. प्यायले नाहीत.

"येक हाय पन. बहिऱ्या एकला आसला, का जागा सोडतच न्हवता. मेंढरामागं सलग म्हनायचा, दम लागंस्तवर. म्या लांबून आयकलंय. त्यो थांबायचा त्यो समूर कुनी आसलं तरच."

"म्हणजे त्याच्यासाठी थांबले?"

"त्ये काय म्हाईत. माझी सय झाली आसंल. पोराची कीव आली आसंल. न्हाईतर दोनीबी. आता कुनाला इचारायचं?"

ती सकाळी आली तेव्हा तिला निदान राग तरी नीट आला होता. आता तोही हातात राहिला नव्हता. आबा रविवारी फोनवर दोन वाक्यं बोलायचे आणि थांबायचे. त्यांचं संपलं, असं समजून ती दर वेळी म्हणायची, 'बरं आबा, ठेवते.' ते म्हणायचे, 'ठिव.' किती वर्षं? तिने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

"संपलं व्हय गानं?" नानांनी विचारलं.

"शेवटचं राहिलंय. तिथे तो काहीच बोलत नाही. नुसता ठोका आहे."

"लाव."

आबांचा आवाज आला, ठोक्यावर थोडा पुढे-मागे होत, पण आपल्याच चालीने:

'परत फिरला मेंढका, काठावर उबा ऱ्हायला
पल्याड हाय का ल्येकरू, हाक मारून पाह्यला...'

आबा थांबले. ठोका पुढे चालू राहिला. कुणी घुसलं नाही. नानांनी उजवा हात कानावर नेला आणि सांगायला लागले.

"तर मंडळी, त्यो मेंढका म्हनला, मोजनी म्या केली न्हाई, चूक माजी हाय. पान्याला पूर, आन् पल्याडली मेंढी काय दिसंना. मंग त्यानं काय केलं? त्यानं घोंगडं सोडलं, काठी सोडली..."

ठोका संपला. पातेलं गप्प झालं. नाना गप्प झाले नाहीत. मेंढका पाण्यात उतरला, मानेपर्यंत बुडाला, पलीकडे गेला. मेंढी तिथे उभीच होती, पिलाला चाटत. म्हणून मागे राहिली होती. आता एक गेली होती ती दोन होऊन येणार. नाना कुठल्याही घाईत नव्हते. सुनीती "जी" म्हणायला विसरली आणि मग आठवण झाल्यावर म्हणाली. बाईने ओवीत जी म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. नानांनी ते ऐकलं आणि पुढे गेले.

संपल्यावर ते हात खाली घेऊन बसून राहिले. चहावर साय धरली होती.

"टिपून घ्यायला हवं होतं," सुनीती म्हणाली. "मला सुचलंच नाही."

"म्या घेतलंय की," नंदा म्हणाली आणि पदराखालून आपला फोन काढला. "एक मिनिट अठ्ठेचाळीस. मामंजी चार म्हैन्यांनी ओवीत बोललं, म्या सोडतीया व्हय!"

"नाना, जाऊ दे का हे गाणं बाहेर?" सुनीतीने विचारलं.

"जाऊ दे. पोरगं बरं सांगतंय. त्याचं त्याचं सांगतंय, पन जागंवर सांगतंय." नानांनी बशी उचलली, थंड चहा एका घोटात घेतला. "त्यानं श्येवटची जागा का मोकळी ठिवली?"

"माहीत नाही."

"माज्यासाटनं?"

"त्याला तुम्ही माहीतच नव्हता, नाना."

"मंग बहिऱ्यासाटनं आसंल," नाना म्हणाले. "कुनासाटनं का आसंना. पन लई बारीक हाय. मावत न्हाई त्यात."

सुनीतीने कालचं 'नाही' पुसलं. इंग्रजीत लिहिलं: 'हो. पण एक अट आहे.' नंदाची फाइल मागवून जोडली. मग अट, शेवटची मोकळी जागा नानांना पुरेल एवढी वाढवायची, लिहायला घेतली आणि थांबली. इंग्रजीत ती चटकन झाली असती. तिने वही उघडली. खोलीबद्दलच्या त्या ओळीत दोन शब्द होते, दुसऱ्या दिवशी शिकलेले. तेवढेच लिहिले, त्याच्या लिपीत, एकेक अक्षर बघून. मावो म्येइस्त्सा. जागा कमी आहे.

त्याला काय कळेल? आबांची टेकडी, नानांचा डोळा, बावीस सेकंद, यांतलं काहीच त्या दोन शब्दांत नव्हतं. आणि ती चूक, जी कदाचित चूक नव्हती, ती सांगायची की नाही, हेही ठरलं नव्हतं. तिने संदेश पाठवला.

पडद्यावर तो लिहीत असल्याची खूण उमटली. मग गेली. पुन्हा उमटली, पुन्हा गेली. एरवी सुनीतीने फोन पर्समध्ये टाकला असता.

"काय म्हनतुया?" नानांनी विचारलं.

"काही नाही अजून."

ती फोन हातात धरून बसून राहिली. लंगडी मेंढी परत दारापाशी आली होती. नानांनी तिला दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि राहिलेला खूर तासायला घेतला.